कंबरेवर उपचार घेतले तर अपंगत्व पेन्शनचा दावा जातो का?

पत्र (संक्षिप्त)

मी माजी हवालदार, कळंब तालुक्यातला (जि. यवतमाळ). २४ वर्षं नोकरी करून ३१ मार्च २०२१ ला घरी आलो. २०१४ ला काश्मीरमध्ये पोस्टवर रेशन चढवताना जेरीकॅनसह घसरलो आणि कंबर धरली. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) दाखवलं, तीन दिवस अटेंड सी (ड्यूटीतून सूट) मिळाली, चौथ्या दिवशी ड्यूटी. २०१६ ला पीस स्टेशनवर (शांततेच्या ठिकाणी) असताना डावा पाय बधिर व्हायला लागला. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची गादी सरकलेली निघाली, लो मेडिकल कॅटेगरी (कमी तंदुरुस्तीचा दर्जा) झाली. सर्जननं ऑपरेशन सुचवलं, मी नको म्हणालो, तशी सही दिली. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डानं २० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं. पण ‘सेवेमुळे नाही, सेवेनं वाढलेलंही नाही’ म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली. आता अपील करायचं आहे. इकडे दुखणं वाढलं. पऱ्हाटीवर फवारणीचा पंप पाठीला लावला की दोन दिवस उठवत नाही. गावातला डॉक्टर सुई देतो, त्यावर ढकलतो. जुने लोक म्हणतात, ‘दावा लागेपर्यंत मोठ्या दवाखान्यात जाऊ नको, बरा झाला तर टक्के जातील. ऑपरेशन तर मुळीच नको.’ पुतण्या फौजेत नायक आहे, त्याचीही कंबर दुखते, पण याच भीतीनं तो सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) करत नाही. खरं काय समजावं?

उत्तर

हवालदारसाहेब, उपचार घ्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. तुमच्या दाव्याला आजच्या उपचारानं धक्का लागत नाही. का लागत नाही ते नीट समजून घ्या, म्हणजे पारावर कुणी काही म्हटलं तरी तुमचं मन डळमळणार नाही.

अपंगत्वाच्या प्रत्येक दाव्यात दोन वेगळे प्रश्न असतात. अपंगत्व किती, हा पहिला. ते कशामुळे, हा दुसरा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर २०२१ मध्येच मिळालं आहे: २० टक्के, आयुष्यभर. पेन्शनला किमान २० टक्के लागतात, तेवढे आहेत. तुमचं भांडण दुसऱ्या प्रश्नावर आहे, आणि त्याचं उत्तर २०१४ ते २०२१ मधल्या फौजी कागदांत आहे. तुम्ही उद्या नागपूरला ऑपरेशन करून धावायला लागलात, तरी २०१४ ला पोस्टवर काय झालं होतं ते बदलत नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी तुमची कंबर कशी होती तेही बदलत नाही.

तरीही जुन्या लोकांना खोटं ठरवू नका. त्यांच्या काळात ते खरं होतं. तेव्हा टक्के काही वर्षांपुरते मिळायचे, मुदत संपली की पुन्हा मिलिटरी हॉस्पिटलमध्ये बोर्डापुढे उभं राहावं लागायचं, आणि २० चे १५ झाले की पेन्शन बंद. त्या धास्तीनं माणसं दवाखाना टाळायची. पण संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानं ठरावीक काळानं होणारी ही फेरतपासणी बंद केली. अपंगत्व कायमचं ठरलं असेल तर टक्के आयुष्यभरासाठी पक्के. कायमचं नसेल तर ठरलेल्या मुदतीत एकदाच फेरतपासणी, आणि त्यानंतर तेही आयुष्यभरासाठी. आता तुमच्या बोर्डाच्या कागदावर, म्हणजे एएफएमएसएफ-१६ वर, टक्क्यांच्या पुढचा रकाना बघा. तिथं ‘आयुष्यभर’ लिहिलं असेल तर तुम्हाला कुणी बोलावणार नाही.

पण त्याच पत्रात एक अपवाद आहे आणि चुकीचा सल्ला मिळालेली माणसं नेमकी त्यातच अडकतात: माजी सैनिकानं स्वतः मागणी केली तर रिव्ह्यू बोर्ड (टक्क्यांची फेरतपासणी) होतं, आणि ते जे टक्के देईल ते अंतिम. ‘दुखणं वाढलंय, टक्के वाढवून मागा’ असं सांगणारे बरेच भेटतील. जरा हिशेब करून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं, नोकरीची मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही टक्के वरच्या टप्प्यात धरण्याचा फायदा मिळाला. ५० च्या खाली कितीही असले तरी ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५, त्याच्या वर १००. म्हणजे दावा मंजूर झाला तर तुमचे २० टक्के ५० धरले जाणार. रिव्ह्यूमध्ये २० चे ४० झाले तरी धरायचे ५० च. उलट २० चे १५ झाले तर हाती शून्य. मिळायचं काही नाही आणि जायचं सगळं, अशा खेळात बसू नका. अपिलात ‘माझं पुन्हा मेडिकल करावं’ हे वाक्य चुकूनही लिहू नका. अर्ज लिहून देणारे सवयीनं ते शेवटी टाकतात, म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचा.

रकमेचाही अंदाज घ्या. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. शेवटचा धरण्याजोगा पगार समजा ४५,००० असेल, तर १०० टक्क्यांना १३,५०० होतात. ५० टक्क्यांना ६,७५० आणि त्यावर महागाई. वर न धरता नुसते २० टक्के मोजले तर २,७००. नेहमीच्या पेन्शनशिवाय ही रक्कम वेगळी.

आता तुम्ही २०१६ ला दिलेली सही. तुमच्या पत्रात आम्हाला काळजीची वाटली ती ही एकच गोष्ट, आणि ती तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे. निवृत्तीच्या बोर्डाच्या फॉर्ममध्ये ठरलेले प्रश्न असतात. जवानानं ऑपरेशन किंवा उपचार नाकारला का? नाकारला तर कारण काय? नाकारल्यानं पेन्शन कमी होऊ शकते किंवा पूर्ण रोखली जाऊ शकते, हे त्याला समजावलं का? ऑपरेशन केलं असतं तर अपंगत्व बरं झालं असतं किंवा कमी झालं असतं, असं बोर्डाला वाटतं का? आणि शेवटी, त्याचा नकार वाजवी होता का?

गावातली समजूत अशी की उपचार घेतले तर पेन्शन जाते. नियमाच्या पुस्तकात पाहिलं तर उलट आहे. उपचारानं बरं वाटलं म्हणून पेन्शन रोखायची तरतूद तिथं सापडत नाही. उपचार नाकारला म्हणून रोखायची मात्र आहे.

तुमच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा निभावलेला दिसतो, कारण बोर्डानं २० टक्के पूर्ण दिले, कापले नाहीत. तरी त्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचाच. ‘नकार वाजवी’ असं असेल किंवा रकाना रिकामा असेल तर पुढे चला. ‘गैरवाजवी’ असेल तर अपिलात त्यावर वेगळा परिच्छेद लागेल. मणक्याच्या ऑपरेशनला नकार देणं सहसा वाजवीच ठरतं: भूल, जंतुसंसर्ग, नस दुखावण्याचा धोका, आणि ऑपरेशननंतरही दुखणं राहण्याची शक्यता. पण हे कारण तेव्हाच्या कागदावर उमटलेलं असावं लागतं. नुसतं ‘इच्छा नाही’ एवढ्यावर सही असेल, तर त्यानंतर फिजिओथेरपी आणि गोळ्या नियमित चालू होत्या याचे कागद जोडा. ऑपरेशन नको म्हटलं, उपचार नको म्हटलं नव्हतं, हा फरक दाखवणं महत्त्वाचं.

आता मुख्य मुद्दा. ‘सेवेशी संबंध नाही’ हा शिक्का कुठून आला? तुमच्या एएफएमएसएफ-१६ च्या सुरुवातीला तुम्ही स्वतः भरलेलं निवेदन आहे. त्यात विचारलेलं असतं की आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला, कुठे उपचार घेतले. बहुतेक जवान तिथं एमआरआयची तारीख टाकतात, कारण रोगाचं नाव त्याच दिवशी कळलेलं असतं. तुम्हीही तिथं ‘२०१६, पीस स्टेशन’ लिहिलं असेल तर बोर्डानं तेच उचललं असणार: सुरुवात शांततेच्या ठिकाणी, म्हणून सेवेशी संबंध नाही. खरं पाहता आजार सुरू झाला २०१४ ला, रोगाचं नाव कळलं २०१६ ला. या दोन तारखा वेगळ्या आहेत, हे दाखवणं हाच तुमच्या अपिलाचा कणा. ते दाखवायचं कशानं? एमआय रूमच्या त्या नोंदीनं. तीन दिवसांची अटेंड सी त्या वेळी तुम्हाला किरकोळ वाटली असेल, पण आज तुमच्या हातात त्याहून मोठा पुरावा नाही.

ड्यूटीवर इजा झाली तर युनिटनं आयएएफवाय-२००६ हा इजेचा फॉर्म भरायचा असतो. घसरून कंबर धरली, रक्त आलं नाही, हाड मोडलं नाही, अशा वेळी तो भरला जातच नाही. तुमचाही भरला गेला नसेल. म्हणून ‘इजा’ यावर एकट्यावर दावा टांगू नका. दोन पायांवर उभा करा: २०१४ ची इजा ड्यूटीवर झाली, आणि त्यानंतर दोन वर्षं वजन, चढण, पीटी, परेड यांनी गादीचं दुखणं वाढलं. सेवेमुळे झालं किंवा सेवेनं वाढलं, दोन्हींतलं एक सिद्ध झालं तरी पुरतं.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतलं आणि तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे आहे असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, आणि शंकेचा फायदा जवानाला. कारण न देता नुसतं ‘संबंध नाही’ लिहून भागत नाही. अपिलात हा निकाल एका परिच्छेदात आणा. पानंच्या पानं निकाल उतरवणारे अर्ज कुणी वाचत नाही.

कागद कसे मिळवायचे? तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं कामठीला. तुमचं कुठलं ते डिस्चार्ज बुकावर असतं. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज स्पीड पोस्टानं, पावती पासबुकाजवळ जपून ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझे सगळे मेडिकल कागद द्या’ असं मोघम मागाल तर मोघमच मिळेल. नावानिशी मागा: भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, २०१६ पासूनच्या प्रत्येक कॅटेगरी बोर्डाचा एएफएमएसएफ-१५, निवृत्तीचा एएफएमएसएफ-१६ स्पेशालिस्टच्या मतासकट, २०१४ आणि २०१६ च्या दवाखान्यातल्या नोंदी, इजेचा अहवाल असल्यास तो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे पोस्टिंग आणि ते फील्ड की पीस याचा तक्ता, आणि दावा नामंजूर करताना दिलेलं कारणाचं पत्र. २०१४ ची नोंद सापडली नाही तर २०१६ च्या केस शीटवरचा पूर्वेतिहास बघा. स्पेशालिस्टनं तिथं ‘दोन वर्षांपासून कंबरदुखी’ असं लिहिलेलं असतं बऱ्याचदा. एवढी एक ओळ दाव्याचा सूर पालटते. तेव्हा पोस्टवर सोबत असलेल्या दोघा-तिघांची शपथपत्रंही जोडता येतात. मात्र कागद नसताना नुसत्या शपथपत्रांचं वजन कमी पडतं.

पहिल्या अपिलाची मुदत नामंजुरीच्या पत्रापासून ६ महिने. तुमची गेली. तरी अपील टाका, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, आणि उशीर का झाला ते चार ओळींत खरं लिहा. ते फेटाळलं तर दुसरं अपील. ६ महिन्यांत निर्णयच आला नाही तर मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्र त्याच खंडपीठाखाली येतो. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशिरामुळे हक्क सहसा बुडत नाही. पण थकबाकी? तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालाप्रमाणे ती सर्वसाधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते. तुमची ३ वर्षं केव्हाच उलटली. म्हणजे यापुढे तुम्ही थांबाल त्या प्रत्येक महिन्याचे पैसे कायमचे जातील. दवाखाना टाळून काही वाचत नाही, अर्ज टाळून मात्र जातं. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत फुकट मिळते. थकबाकीत वाटा मागणाऱ्या दलालाच्या कोऱ्या कागदावर सही करू नका.

आता कंबरेकडे वळू.

गावातल्या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक हे दुखणं दाबणारं औषध असतं, कधी सोबत स्टेरॉइड. चार दिवस हलकं वाटतं कारण सूज दबते, नस मोकळी होत नाही. वर्षभर असंच चाललं तर पोटात जखमा होतात, किडनीवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. स्टेरॉइड असेल तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि दाव्याच्या अंगानं पाहिलं तर त्या सुईचा कागद कुठेच नसतो. २०२१ पासून आतापर्यंत तुमच्या कंबरेबद्दल एकही चिठ्ठी नसेल, तर उद्या न्यायाधिकरणात समोरचा वकील म्हणणार, ‘इतकं दुखत होतं तर दवाखान्यात का गेला नाहीत?’ पैसे सुईवर गेले, आणि पुरावा काहीच उरला नाही.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन तुमच्या पॉलिक्लिनिकला जा. तिथल्या डॉक्टरांना टक्के ठरवायचा अधिकार नाही, त्यांचं काम उपचाराचं. त्यांनी रेफरल दिलं की यादीतल्या दवाखान्यात ऑर्थो किंवा न्यूरोसर्जनला दाखवायचं. एमआरआय, फिजिओथेरपी, ऑपरेशन सगळं त्या रेफरलवरच. रेफरल न घेता थेट गेलात तर बिल तुमच्या अंगावर पडतं. अपवाद तातडीचा: तेव्हा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात भरती व्हा, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. परतफेड ठरलेल्या सरकारी दरानं होते, बिलाप्रमाणे नाही.

डॉक्टरसमोर बसल्यावर काय बोलता याला फार महत्त्व आहे. ‘काय झालं?’ असं विचारलं की माणूस म्हणतो, ‘परवा सोयाबीनचा कट्टा उचलला आन् कंबर धरली.’ ओपीडी कागदावर उमटतं, ‘दोन दिवसांपूर्वी वजन उचलल्यानं कंबरदुखी.’ तो कागद तुमच्याच फाइलमध्ये लागतो आणि तुमच्याच विरुद्ध वाचला जातो: शेतकामानं झालं, सेवेनं नाही. कट्ट्याची गोष्ट लपवायची नाही, ती खरी आहे. पण पूर्ण गोष्ट सांगा: २०१४ ला ड्यूटीवर घसरलो, २०१६ ला एमआरआय झाला, तेव्हापासून डाव्या पायात बधिरपणा आहे, परवा वजन उचलल्यावर वाढलं. जुना एमआरआय समोर ठेवा. बाहेर निघण्याआधी लिहिलेलं वाचा, तारखा उतरल्या नसतील तर तिथंच नम्रपणे सांगा. केबिनबाहेर आल्यावर कागदात कुणी फरक करत नाही आणि करूही नये.

उपचाराबद्दल थोडक्यात, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील. जुन्या कंबरदुखीत मुख्य औषध व्यायाम आहे, गोळी त्याला हातभार लावते. फिजिओ बहुधा तुम्हाला पोटावर झोपवून कोपरांवर हळूहळू उठायला लावेल. तेव्हा एक खूण लक्षात ठेवा: पायात उतरलेली कळ वर कंबरेकडे सरकू लागली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. कळ खाली पोटरीत, पावलात उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा आणि फिजिओला सांगा. सोबत चालणं, सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दोनदा, मग वाढवत अर्धा तास. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे फार. दीड-दोन महिने तरी रोज करावं लागतं.

ऑपरेशनबद्दल भलती आशाही नको आणि भीतीही नको. गादीच्या ऑपरेशननं पायाची कळ चांगली जाते, कंबरेचं दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. पायातली शक्ती कमी होत असेल आणि एमआरआयमध्ये त्याच नसेवर दाब दिसत असेल, तर ऑपरेशनचा विचार करणं शहाणपणाचं. खर्रा खात असाल तर आधी बंद. तंबाखूनं गादीला आणि हाडाला रक्त कमी पोचतं. मणके जोडायची वेळ आली तर ते जुळायलाही अडचण येते.

मात्र तीन लक्षणं दिसली तर दावा, रेफरल, पेरणी काही बघू नका, त्याच दिवशी नागपूर किंवा सावंगी-सेवाग्रामचा मोठा दवाखाना गाठा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचाच्या जागेभोवती, मांड्यांच्या आत बधिर वाटायला लागलं, पाऊल लुळं पडून चप्पल सुटायला लागली. यात काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो, मग कुठलेही टक्के त्याची भरपाई करत नाहीत.

वावरातलं काम पूर्ण सोडा असं सांगणं सोपं, पण ते तुमच्या हाती नाही हे आम्हाला कळतं. निदान पंपाचं बघा. १६ लिटरचा बॅटरीचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो. सगळ्यात वाईट क्षण फवारणीचा नाही, तो पंप जमिनीवरून उचलून, वळून, पट्टे खांद्यावर घेण्याचा आहे: वाकलेली कंबर, त्यावर वजन आणि त्यात पीळ. पंप बंडीच्या साट्यावर किंवा धुऱ्यावरच्या उंच दगडावर ठेवून, पाठ त्याला लावून, गुडघ्यात वाकून पट्टे घ्या आणि सरळ उभे राहा. निम्माच भरा. फेऱ्या दुप्पट होतील, होऊ द्या. शेतकाम केलं म्हणून दावा जाईल ही भीतीही सोडा: निदान निवृत्तीच्या आधीचं आहे, फौजेच्याच कागदावर आहे.

पुतण्याला हे उत्तर वाचायला द्या. तो नोकरीत आहे म्हणून त्याचं गणित तुमच्यापेक्षा कडक आहे. लो मेडिकल कॅटेगरीचा प्रमोशनवर परिणाम होतो, हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गोळ्या खाऊन ड्यूटी ओढली आणि निवृत्तीच्या बोर्डापुढे पहिल्यांदा ‘दहा वर्षांपासून दुखतं’ म्हटलं, तर त्या दहा वर्षांना पुरावा कुठून आणणार? आज दुखतं तर आजच सिक रिपोर्ट. ड्यूटीवर पडला-घसरला तर इजेचा फॉर्म भरून घ्यायचा, आठवडाभरात, साक्षीदार युनिटमध्ये आहेत तोवर. सुट्टीवर गावी आलेला असताना खासगी दवाखान्यात दाखवलं तर ते कागद परत गेल्यावर एमआय रूममध्ये द्यायचे. ऑपरेशन सुचवलं आणि नको असेल तर नकाराच्या सर्टिफिकेटवर नुसतं ‘इच्छा नाही’ असं न लिहिता कारण लिहायचं. शिवाय त्याला नियमही वेगळे लागतील: २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर मुदत पूर्ण करून निघणाऱ्यांना जुन्या अपंगत्वाच्या रकमेऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आहे. तुम्ही २०२१ ला निघालात, तुम्हाला जुनेच नियम. वर लिहिलेले तुमचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका.

एक गोंधळ हमखास होतो, तोही सांगून टाकतो. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र आणि फौजेचे टक्के यांचा एकमेकांशी संबंध नाही. सिव्हिल सर्जननं ४० टक्के दिले म्हणून फौजेचे २० चे ४० होत नाहीत. ते प्रमाणपत्र एसटीच्या सवलतीला, सरकारी योजनांना चालतं. हवं तर काढा, पण अपिलाला जोडू नका. दोन वेगळे आकडे समोर आले की कारकून फाइल बाजूला ठेवतो.

पॉलिक्लिनिकला जाताना २०१६ च्या एमआरआयची फिल्मच घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. सर्जनला जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावून बघायची असते. फिल्म गुंडाळून पिशवीत कोंबू नका, घडी तर अजिबात नको. जुन्या कॅलेंडरच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून रबर लावा. आणि घरून निघण्याआधी बोर्डाच्या सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुठल्याही खिडकीवर देऊ नका.